परतीचे विमान रद्द झाले : परतावा घ्यावा की जागा मागावी?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी निवडलेली चारही पत्रे सुट्टीवरून परतताना रद्द झालेल्या किंवा हातून गेलेल्या उड्डाणाविषयी आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा आधार त्यातच आहे.

प्रश्न : आम्ही चौघे, म्हणजे पती, मी आणि दोन शाळकरी मुले, सुट्टीसाठी परदेशी गेलो होतो. परतीच्या तीन दिवस आधी विमान कंपनीचा संदेश आला की, ‘कामकाजाच्या कारणास्तव’ आमचे उड्डाण रद्द करण्यात आले आहे. संदेशातील दुव्यावर दोनच पर्याय होते : पैसे परत घेणे किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या उड्डाणात जागा घेणे. दुसऱ्या पर्यायात पाच दिवसांनंतरचे उड्डाण सोडून काहीच दिसत नव्हते. मदत क्रमांकावर तासभर थांबूनही कोणी बोलले नाही. रजा संपत आली होती आणि मुलांची शाळा सुरू होणार होती, म्हणून पतींनी पैसे परत घेण्याचा पर्याय निवडला आणि परतीच्या मूळ भाड्याच्या दुपटीहून अधिक रक्कम मोजून आम्ही दुसऱ्या कंपनीची तिकिटे काढली. परतीच्या टप्प्याचे पैसे आठवड्याभरात जमा झाले. वरचा खर्च मागितल्यावर मात्र ‘आपण परतावा स्वीकारला असल्याने प्रकरण बंद करण्यात आले आहे’ असे उत्तर आले. हे बरोबर आहे का? आम्ही काय करायला हवे होते?

— एक वाचक

उत्तर : कंपनीचे उत्तर अर्धे बरोबर आहे, आणि जे अर्धे चूक आहे त्यात आपल्याला पैसे मिळण्याची शक्यता आहे. मात्र विमान कोणत्या देशातून उडणार होते आणि कंपनी कोणत्या देशाची होती, हे आपल्या पत्रात आलेले नाही. उत्तर बरेचसे त्यावरच ठरते, म्हणून निरनिराळ्या शक्यता गृहीत धरून लिहितो.

आधी बरोबर असलेल्या भागाविषयी. जाण्याचे विमान रद्द झाले, तर माणूस घरी असतो. तो पैसे परत घेऊन सहलच रद्द करू शकतो. परतीचे विमान रद्द होते तेव्हा माणूस परमुलखात असतो, आणि घरी पोहोचणे टाळता येत नाही. त्या क्षणी तिकिटाची खरी किंमत त्यावर छापलेल्या भाड्याइतकी नसते. आयत्या वेळी दुसरे तिकीट काढायला जेवढे पैसे पडतील तेवढी ती असते. परतावा मात्र छापील भाड्याचा मिळतो. शिवाय परतावा स्वीकारला की, बहुतेक नियमांनुसार आपल्याला मुक्कामी पोहोचवण्याची कंपनीची जबाबदारी संपते आणि तिच्याबरोबर वाट पाहण्याच्या काळातील जेवणाची व निवासाची जबाबदारीही संपते. म्हणूनच संदेशातील परताव्याचे बटण ठळक आणि सोयीचे असते, असे मला नेहमी वाटत आले आहे. परतीच्या प्रवासात पैसे परत मागण्यापेक्षा पर्यायी उड्डाणात जागा मागणे जवळपास नेहमीच फायद्याचे ठरते.

आता चूक असलेल्या भागाकडे वळतो. आपले विमान युरोपीय संघातील एखाद्या विमानतळावरून उडणार असेल, तर कंपनी कोणत्याही देशाची असली तरी युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा विनियम लागू होतो. आइसलँड, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड येथेही तो लागू आहे. उलट दिशेने, म्हणजे संघाबाहेरून संघात येताना, प्रत्यक्ष विमान चालवणारी कंपनी युरोपीय असेल तरच तो लागू होतो. त्यामुळे एकाच सहलीत जाताना असलेले संरक्षण येताना नसणे किंवा याच्या उलट होणे सहज शक्य आहे. तिकीट एका कंपनीच्या नावाने आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असेल, तर दावा ज्या कंपनीचे विमान असते तिच्याकडे करायचा असतो.

या विनियमात तीन हक्क वेगवेगळे सांगितले आहेत आणि कंपनी त्यांची सरमिसळ करते. पहिला हक्क निवडीचा आहे : सात दिवसांत परतावा, किंवा शक्य तितक्या लवकर तुल्य सोयीचा पर्यायी प्रवास, किंवा जागा असल्यास सोयीच्या नंतरच्या तारखेचा प्रवास. दुसरा हक्क वाट पाहण्याच्या काळातील देखभालीचा, म्हणजे खाणेपिणे, गरज पडल्यास हॉटेल, तेथे जाण्यायेण्याची व्यवस्था आणि संपर्काची सोय यांचा आहे. तिसरा हक्क ठरावीक नुकसानभरपाईचा आहे : १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणासाठी २५० युरो, त्यापुढे ३,५०० किलोमीटरपर्यंत ४०० युरो आणि त्याहून दूरच्या उड्डाणासाठी ६०० युरो. संघांतर्गत उड्डाण १,५०० किलोमीटरहून कितीही लांब असले, तरी ४०० युरोच मिळतात. ही रक्कम प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्रपणे मिळते, त्यामुळे तिकीट काढलेल्या मुलांचाही त्यात समावेश होतो. परतावा घेतला म्हणून हा तिसरा हक्क बुडत नाही. ‘प्रकरण बंद’ या शब्दांनी कंपनीने नेमकी हीच गोष्ट झाकली आहे.

रद्द झाल्याची सूचना किमान दोन आठवडे आधी दिलेली असेल, तर ही भरपाई मिळत नाही. सूचना सात दिवसांहूनही कमी अवधी राहिला असताना आली असेल, तर मूळ वेळेच्या जास्तीत जास्त एक तास आधी निघणारे आणि ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांच्या आत पोहोचवणारे पर्यायी उड्डाण देऊ केले तरच कंपनीची सुटका होते. आपल्याला तीन दिवस आधी कळवले आणि पाच दिवस उशिराचे उड्डाण दाखवले. तेव्हा ही सवलत कंपनीला लागू होत नाही. उरतो तो ‘असाधारण परिस्थिती’चा बचाव. तो सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो, आणि ‘कामकाजाचे कारण’ हे शब्द काहीच सिद्ध करत नाहीत. विमानातील नेहमीच्या स्वरूपाचा तांत्रिक बिघाड असाधारण ठरत नाही, असे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी वेतनवाढीसाठी संघटनेमार्फत केलेला संप असाधारण ठरत नाही, असे २०२१ मध्ये. हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप, धोक्याचे हवामान आणि बंद केलेले हवाई क्षेत्र या गोष्टी मात्र सामान्यतः असाधारण मानल्या जातात.

नव्या तिकिटांच्या वरच्या खर्चाचे काय? हा भाग अवघड आहे, तरी हात झटकून टाकण्यासारखा नाही. पर्यायी प्रवास ‘शक्य तितक्या लवकर’ द्यायचा असतो, आणि त्यासाठी गरज पडल्यास दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा देण्याचाही विचार करावा लागतो. फक्त स्वतःच्या ताफ्याकडे बोट दाखवून कंपनीला मोकळे होता येत नाही. आपण स्वतः त्याआधीची तिकिटे मिळवलीत, म्हणजे जागा उपलब्ध होत्या, याचा पुरावा आपल्याच हातात आहे. कंपनीने खरी निवड न देता एकतर्फी परतावा गळ्यात मारला, तर नव्या तिकिटातील फरक मागता येतो, अशी युरोपीय आयोगाची भूमिका आहे. पाच दिवसांनंतरचे एकच उड्डाण दाखवून आणि दूरध्वनी न उचलून आम्हाला निवडीची पुरेशी माहितीच देण्यात आली नाही, असा मुद्दा आपण मांडावा. पतींनी बटण दाबले ही गोष्ट विरुद्ध बाजूला जाईल, हे धरून चालावे. भरपाईची मागणी आणि फरकाची मागणी एकाच पत्रात, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत करावी, म्हणजे एकीच्या नकारात दुसरी वाहून जाणार नाही.

विमान अन्य ठिकाणाहून उडणार असेल, तर चित्र बदलते. ब्रिटनने युरोपीय नियमच आपल्या कायद्यात ठेवला आहे. रकमा फक्त २२०, ३५० आणि ५२० पौंड अशा आहेत. अमेरिकेत २०२४ च्या नियमानुसार रद्द उड्डाणाचा पर्याय प्रवाशाने स्वीकारला नाही, तर क्रेडिट कार्डावरील पैसे कामकाजाच्या सात दिवसांत आणि इतर मार्गांनी दिलेले पैसे वीस दिवसांत न मागता परत करावे लागतात. मात्र युरोपसारखी ठरावीक भरपाई तेथे नाही, आणि हॉटेल किंवा दुसऱ्या कंपनीतील जागा या गोष्टी कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेल्या वचनांवर अवलंबून असतात. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे पर्यायी उड्डाण किंवा परतावा द्यावा लागतो, आणि वेळेत सूचना दिली नसेल तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा एकेरी मूळ भाडे व इंधन शुल्क यांची बेरीज, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. आरक्षण करताना स्वतःचा पुरेसा संपर्क तपशील न देणाऱ्या प्रवाशाला ही भरपाई मिळत नाही, ही तेथील अट अनेकांना ठाऊक नसते.

या सर्वांच्या जोडीला १९९९ चा मॉन्ट्रियल करार आहे. त्यात सामील झालेल्या देशांमधील आंतरराष्ट्रीय प्रवासात विलंबामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान प्रवाशाला मागता येते. डिसेंबर २०२४ पासून त्याची मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे ६,३०३ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) इतकी आहे. येथे रक्कम ठरावीक नसते, नुकसान पावत्यांनी दाखवावे लागते, आणि टाळण्यासाठी आवश्यक ते सर्व वाजवी उपाय केले होते असे कंपनीने दाखवले तर ती सुटते. उड्डाण सरळ रद्द करणे म्हणजे ‘विलंब’ की ‘करार न पाळणे’, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती काटेकोरपणे पाळली जाते.

काय करायला हवे होते, हे आता सांगणे सोपे आहे. हातात तीन दिवस आणि शेजारी दोन मुले असताना ते सुचणे सोपे नव्हते. तरीही पुढच्या वेळेसाठी लिहितो. संदेश येताच त्याचे आणि उपलब्ध पर्यायांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. कोणतेही बटण दाबण्यापूर्वी त्याच दिवसाची किंवा दुसऱ्या दिवसाची, इतर कंपन्यांचीही, उड्डाणे शोधून त्यांचे क्रमांक लिहून काढावेत. नंतर लेखी मागणी करावी : ‘मी परतावा घेत नाही, मला अमुक क्रमांकाच्या उड्डाणात जागा द्यावी.’ नेमके उड्डाण सुचवले की, काउंटरवरील कर्मचाऱ्याचे काम सोपे होते आणि नकार देणे कठीण होते. दूरध्वनी लागत नसेल, तर ईमेल, ॲपमधील संवाद आणि जवळ असल्यास विमानतळावरील काउंटर असे तीनही मार्ग एकाच वेळी धरावेत. मुदत घालून कळवावे की, अमुक वेळेपर्यंत उत्तर न आल्यास आम्ही स्वतः तिकीट काढू आणि खर्च आपल्याकडून मागू. त्यानंतर तिकीट काढावेच लागले, तर उपलब्धांपैकी वाजवी भाड्याचे काढावे. वरच्या वर्गातील आरामाचा खर्च कोणी देत नाही.

प्रश्न : वादळामुळे आमचे परतीचे उड्डाण रद्द झाले. पुढचे उड्डाण तिसऱ्या दिवशी मिळाले. निसर्गापुढे आमचा इलाज नाही, असे म्हणून कंपनीने हॉटेलही दिले नाही. दरम्यान आमच्या व्हिसाची मुदत एका दिवसाने ओलांडली गेली आणि सीमेवर आम्हाला स्पष्टीकरण द्यावे लागले. कंपनीची भूमिका योग्य होती का?

— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : युरोपीय आणि ब्रिटिश नियमांखाली ही भूमिका साफ चुकीची आहे. असाधारण परिस्थितीमुळे कंपनी सुटते ती फक्त ठरावीक नुकसानभरपाईतून. निवास, जेवण आणि पर्यायी प्रवास यांतून नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण परतीच्याच प्रवासाचे आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील हवाई क्षेत्र बंद झाले आणि सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली. त्यात एक प्रवासी पोर्तुगालमधील फारो येथून डब्लिनला परतणार होती. १७ एप्रिलचे तिचे उड्डाण रद्द झाले आणि ती घरी पोहोचली २४ तारखेला. त्या आठवड्याच्या राहण्याजेवणाचे सुमारे १,१३० युरो तिने मागितले. ही परिस्थिती असाधारणच्याही पलीकडची होती, असा कंपनीचा युक्तिवाद होता. जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की असा वेगळा वर्ग नियमात नाही, आणि देखभालीच्या हक्काला दिवसांची किंवा पैशांची कमाल मर्यादाही नाही. प्रवाशाने स्वतः केलेला खर्च आवश्यक, योग्य आणि वाजवी असला पाहिजे, एवढीच अट न्यायालयाने घातली.

म्हणून आपण स्वतः भरलेल्या हॉटेलच्या आणि जेवणाच्या पावत्या जोडून मागणी करावी. मद्याचे बिल त्यातून आधीच वगळावे. ते ठेवल्याने बाकीच्या रकमेकडेही संशयाने पाहिले जाते. हा प्रवास विमान आणि निवास एकत्र असलेल्या पॅकेज सहलीचा असेल, तर युरोपीय संघात सहल आयोजकावरही स्वतंत्र जबाबदारी येते : टाळता न येणाऱ्या असाधारण परिस्थितीमुळे परतणे अशक्य झाल्यास त्याने प्रत्येक प्रवाशाचा तीन रात्रींपर्यंतचा आवश्यक निवासखर्च सोसायचा असतो, गरोदर स्त्रिया, हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्ती आणि सोबत कोणी नसलेली मुले यांनी सहल सुरू होण्याच्या ४८ तास आधी कळवलेले असल्यास ही मर्यादाही लागू होत नाही.

व्हिसाचा आपला मुद्दा पैशांपेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मुदत संपण्यापूर्वीच स्थानिक यंत्रणेकडे जायला हवे. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत, प्रवाशाच्या हाताबाहेरील कारण सिद्ध झाल्यास व्हिसाची मुदत विनाशुल्क वाढवून देण्याची तरतूद व्हिसा संहितेत आहे. त्यासाठी उड्डाण रद्द झाल्याचे आणि त्याच्या कारणाचे कंपनीचे लेखी पत्र लागते. प्रवास विम्याच्या दाव्यालाही तेच पत्र लागते, म्हणून ते विमानतळावरच मागून घ्यावे; घरी परतल्यावर मिळवणे कठीण जाते.

प्रश्न : मी तिकीट एका ऑनलाइन प्रवास संकेतस्थळावरून घेतले होते. परतीचे उड्डाण रद्द झाल्यावर विमान कंपनी म्हणते, संकेतस्थळाला विचारा. संकेतस्थळ म्हणते, कंपनीने पैसे दिलेले नाहीत. आता संकेतस्थळाने वर्षभराचे व्हाउचर देऊ केले आहे. ते घ्यावे का?

— एक वाचक

उत्तर : उपयोग होईल याची खात्री नसेल तर घेऊ नये. युरोपीय नियमानुसार व्हाउचर प्रवाशाच्या स्वाक्षरीसह संमतीनेच देता येते. अमेरिकेतही प्रवाशाने स्वतः ते निवडले नसेल, तर पैसेच द्यावे लागतात. व्हाउचरला मुदत असते, ते दुसऱ्याच्या नावावर करता येईलच असे नसते, आणि कंपनी बुडाली तर त्याची किंमत कागदाइतकी उरते. एकदा स्वीकारल्यावर मूळ पैशांची मागणी करणे फार कठीण होते.

टोलवाटोलवी थांबवण्यासाठी दोघांनाही एकाच ईमेलमध्ये लिहावे आणि दोन साधे प्रश्न विचारावेत : कंपनीने संकेतस्थळाला परतावा मंजूर केला का, आणि कोणत्या तारखेला? भारताच्या नियमात मध्यस्थामार्फत घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीवरच टाकलेली आहे, त्यामुळे तेथे रोख कंपनीकडेच ठेवावा. पैसे कार्डाने भरले असतील, तर न मिळालेल्या सेवेबद्दल कार्ड देणाऱ्या बँकेकडे हरकत नोंदवता येते. तिची मुदत मोजकी असते आणि पत्रव्यवहारात ती कधी निघून गेली हे कळतही नाही, म्हणून हरकत आधी नोंदवून मग वाद घालावा.

यापुढे संकेतस्थळावरून तिकीट काढाल तेव्हा पीएनआर घेऊन विमान कंपनीच्या ॲपमध्ये स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल घातले आहेत का, ते पाहावे. मध्यस्थ पुष्कळदा आपलाच पत्ता देऊन ठेवतो आणि रद्द झाल्याचा संदेश त्याच्या पेटीत पडून राहतो.

प्रश्न : जाण्याच्या दिवशी मुलगा आजारी असल्याने मी पहिले उड्डाण सोडले आणि दुसऱ्या दिवशी वेगळे तिकीट काढून कुटुंबाला गाठले. परतताना कळले की माझे परतीचे तिकीटच रद्द झाले आहे. पैसे भरलेले असताना असे करता येते का?

— एक वाचक

उत्तर : यात उड्डाण रद्द झालेले नाही, आपली जागा रद्द झाली आहे, त्यामुळे वरचे हक्क येथे कामाला येत नाहीत. जाण्यायेण्याचे एकत्र तिकीट बहुतेक कंपन्या क्रमानेच वापरायला लावतात. पहिला टप्पा न कळवता सोडला की पुढचे टप्पे आपोआप रद्द होतात. भरलेल्या पैशांपैकी विमानतळाचे काही कर परत मिळू शकतात, ते मागावेत. उड्डाणाच्या वेळेआधी एक फोन केला असता, तर बदलाचे शुल्क किंवा भाड्यातील फरक घेऊन परतीचा टप्पा बहुधा राखता आला असता.

हाच धोका, जाण्याचे विमान कंपनीनेच रद्द केले आणि आपण दुसऱ्या मार्गाने निघालो, तरीही असतो. त्या वेळी केवळ जाण्याच्या टप्प्याचा परतावा हवा असून परतीचा टप्पा कायम ठेवायचा आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी ॲप उघडून परतीच्या तारखेसमोर ‘निश्चित’ असे दिसते की नाही, ते स्वतः पाहावे.